लिंकन आणि डग्लस : एका कारकिर्दीची झडती

निवडणूक आली की जो जागेवर आहे त्याने आपल्या कामगिरीची यादी वाचावी, आणि ज्याला ती जागा हवी आहे त्याने त्या यादीतील उणिवा मोजून दाखवाव्या, हा लोकशाहीचा नित्याचा व्यवहार होय. अशा टीकेचे आयुष्य बहुधा मतदानाच्या दिवसापुरतेच असते. भिंतींवरच्या जाहिराती पावसात धुऊन जाव्या, तशी ती पुढच्या आठवड्यात कोणाच्या स्मरणातही राहत नाही. परंतु इ. स. १८५८ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात एका वकिलाने आपल्या राज्याच्या विद्यमान सेनेटरच्या कारकिर्दीची जी जाहीर झडती घेतली, तिची गोष्ट निराळी आहे. झडती घेणारा त्या निवडणुकीत हरला आणि ज्याची झडती झाली तो निवडून आला. असे असूनही पुढल्या दोनच वर्षांत त्या राष्ट्राच्या राजकारणाला जे वळण लागले, त्यात या झडतीचा वाटा फार मोठा होता. झडती घेणारा वकील म्हणजे अब्राहम लिंकन आणि सेनेटर म्हणजे स्टीफन डग्लस. दीडशेहून अधिक वर्षांनंतरही त्या दोघांच्या वादाचे स्मरण का राहावे, हे समजावयाचे असेल तर त्या टीकेचा विषय आणि तिची रीत या दोन्ही गोष्टी पाहिल्या पाहिजेत.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. त्या काळी इलिनॉयच्या मतदाराला लिंकन किंवा डग्लस यांपैकी कोणालाही प्रत्यक्ष मत देता येत नव्हते. अमेरिकन सेनेटचे सभासद राज्यांची विधिमंडळे निवडून देत असत; आपल्याकडे राज्यसभेच्या सभासदांना विधानसभांचे निर्वाचित आमदार निवडतात, त्यासारखाच तो प्रकार होता. सेनेटर थेट जनतेने निवडावा ही तरतूद राज्यघटनेच्या सतराव्या दुरुस्तीने, म्हणजे १९१३ साली झाली. तेव्हा १८५८ मध्ये मतदार आमदार निवडणार आणि ते आमदार पुढे सेनेटर निवडणार, असा दुहेरी मार्ग होता. अशा वेळी उमेदवाराने आमदारांची मनधरणी करावी, ही रूढ वहिवाट. ती सोडून रिपब्लिकन पक्षाने १६ जून १८५८ रोजी स्प्रिंगफील्ड येथील राज्य अधिवेशनात लिंकन हाच आपला सेनेटचा उमेदवार असे आधीच जाहीर करून टाकले. त्यामुळे आमदारांच्या निवडणुकीलाच एका सेनेटरच्या कारकिर्दीवरील कौलाचे स्वरूप आले.

ती कारकीर्द सामान्य नव्हती. डग्लसचा जन्म १८१३ मध्ये व्हर्माँट राज्यात झाला. विसाव्या वर्षी तो नशीब काढावयास इलिनॉयमध्ये आला आणि सत्ताविसाव्या वर्षी त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला. १८४७ पासून तो सेनेटमध्ये होता. अंगाने ठेंगणा, उंची जेमतेम सव्वापाच फूट. पण आवाज, हजरजबाबीपणा आणि कामाचा झपाटा असा की, लोक त्याला 'छोटा राक्षस' म्हणत. १८५० साली उत्तर आणि दक्षिण यांच्यातील तंटा मिटविणारा जो मोठा समझोता काँग्रेसमध्ये मंजूर झाला, त्यातील कायदे एकेक करून पार पाडण्याचे श्रेय मुख्यतः त्याचे. इलिनॉय सेंट्रल रेल्वेसाठी केंद्र सरकारकडून पंचवीस लाख एकरांहून अधिक जमीन मिळवून देण्यातही तो पुढे होता. शिकागोच्या भरभराटीला त्याने असा हातभार लावला. राज्याच्या हिताची कामे मोजून मत द्यावयाचे, तर डग्लसला पाडण्याचे काहीच कारण नव्हते. लिंकननेही या कामांना कधी नावे ठेवली नाहीत. त्याचा सारा रोख एकाच पानावर होता, आणि ते पान होते १८५४ चे.

अमेरिकेत गुलामगिरी कोठवर पसरू द्यावयाची, हा प्रश्न १८२० च्या मिझुरी समझोत्याने एका रेषेने सोडविला होता. पश्चिमेकडील मोठ्या मुलुखात ३६ अंश ३० मिनिटे या अक्षांशाच्या उत्तरेस, एक मिझुरी राज्य वगळता, गुलामगिरी कायमची बंद, असे ठरले होते. चौतीस वर्षे ती रेषा टिकली. १८५४ मध्ये सेनेटच्या प्रादेशिक समितीचा अध्यक्ष या नात्याने डग्लसने कॅन्सास आणि नेब्रास्का या नव्या मुलुखांचे विधेयक आणले आणि त्यात ती रेषा पुसून टाकली. गुलामगिरी ठेवावी की नाही हे त्या त्या मुलुखातील रहिवाशांनी ठरवावे, असे नवे तत्त्व त्याने पुढे मांडले. लोकांच्या सार्वभौम सत्तेचे तत्त्व, असे भारदस्त नाव त्याला मिळाले. सेनेटमध्ये ३७ विरुद्ध १४ आणि प्रतिनिधिगृहात ११३ विरुद्ध १०० अशा मतांनी विधेयक मंजूर झाले. उत्तरेत संतापाची लाट उसळली. बॉस्टनपासून शिकागोपर्यंत आपल्या जळत्या पुतळ्यांच्या उजेडात प्रवास करता आला असता, असे डग्लस स्वतःच म्हणत असे.

याच कायद्याने लिंकनला पुन्हा राजकारणात ओढून आणले. इलिनॉय विधिमंडळात चार वेळा आणि काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात एकदा, १८४७ ते १८४९, बसून तो वकिलीकडे परतला होता. १६ ऑक्टोबर १८५४ रोजी पिओरिया येथे त्याने डग्लसला दिलेल्या उत्तरात पुढील साऱ्या टीकेची पद्धत दिसून येते. जो मिझुरी समझोता डग्लसने मोडला, त्याचीच पाच वर्षांपूर्वी, १८४९ साली, डग्लसने जाहीर भाषणात मुक्तकंठाने स्तुती केली होती. ही पवित्र गोष्ट असून तिला हात लावण्यास कोणी धजणार नाही, अशा आशयाचे ते उद्गार होते. लिंकनने ते भाषण सभेत वाचून दाखविले. त्यात शिवीगाळ नव्हती की हेत्वारोपही नव्हता. एका बाजूला सेनेटरचे कालचे शब्द आणि दुसऱ्या बाजूला त्याची आजची कृती मांडून निर्णय त्याने श्रोत्यांवर सोपविला.

पुढील चार वर्षांत घटना अशा वेगाने घडल्या की डग्लसचे तत्त्व दोन्हीकडून कात्रीत सापडले. कॅन्सासमध्ये गुलामगिरीचे पक्षपाती आणि विरोधक यांच्यात प्रत्यक्ष रक्तपात सुरू झाला. ६ मार्च १८५७ रोजी ड्रेड स्कॉट या गुलामाच्या दाव्यात सरन्यायाधीश रॉजर टॉनी याच्या न्यायालयाने निकाल दिला की, नव्या मुलुखांत गुलामगिरीला बंदी करण्याचा अधिकार काँग्रेसला नाही आणि काळ्या माणसाला अमेरिकेचा नागरिक म्हणून दावाही लावता येत नाही. काँग्रेसलाच अधिकार नसेल, तर तिने निर्माण केलेल्या प्रादेशिक सरकारला तो कोठून येणार? मग लोकांनी ठरवावे या म्हणण्यात उरले काय? त्यानंतर कॅन्सासमधील अल्पसंख्य गुलामपक्षाने लकॉम्प्टन येथे आपल्याला हवी तशी राज्यघटना तयार केली आणि राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅननने ती उचलून धरली. येथे डग्लसने धैर्य दाखविले. ही घटना लोकांच्या खऱ्या संमतीने झालेली नाही, असे सांगून त्याने आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाशी उघड वैर पत्करले. इलिनॉयमधील त्याच्या पाठीराख्या पोस्टमास्तरांना नोकऱ्या गमवाव्या लागल्या, तरी तो मागे हटला नाही.

लिंकनपुढील खरी अडचण या शौर्यातून निर्माण झाली. पूर्वेकडील कित्येक रिपब्लिकन पुढाऱ्यांना वाटू लागले की, ब्यूकॅननशी लढणाऱ्या डग्लसला विरोध कशासाठी करावयाचा? 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'चा प्रभावी संपादक हॉरेस ग्रीली याचेही मत असेच होते. अशा परिस्थितीत कारकिर्दीचा हिशेब मांडणे सोपे नसते. विरोधकाच्या चुका दाखविणे कोणालाही जमते. पण ज्याची सर्वांत अलीकडची कृती स्तुत्य आहे, त्याला तरीही निवडू नये, हे लोकांना कसे पटवावयाचे?

लिंकनने त्यासाठी जो युक्तिवाद केला तो साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. डग्लसने लकॉम्प्टनला विरोध केला हे खरे, पण कशासाठी केला? गुलामगिरी वाईट म्हणून नव्हे, तर मतदानाची रीत चुकली म्हणून. कॅन्सासचे लोक गुलामगिरी स्वीकारोत की नाकारोत, आपल्याला त्याची पर्वा नाही, असे डग्लसने स्वतःच सेनेटमध्ये सांगितले होते. लिंकनने हा बेपर्वाईचा शब्द धरून ठेवला. तो म्हणत असे की, जी गोष्ट योग्य की अयोग्य यासंबंधी मनुष्य उदासीन असेल तिच्याबाबत 'लोकांना ठरवू द्या' असे तो म्हणू शकेल. परंतु एखाद्या गोष्टीला अन्याय मानल्यावर तो अन्याय करण्याचा कोणालाही हक्क आहे, असे त्याला म्हणता येणार नाही. डग्लसची एक चांगली कृती व एक वाईट कृती अशी वजाबाकी लिंकन करीत बसला नाही. दोन्ही कृती ज्या एका वृत्तीतून निघाल्या तिच्याकडे त्याने बोट दाखविले. अर्थात् या बेपर्वाईची किंमत सेनेटच्या सभागृहात कोणी भरीत नव्हते. १८६० च्या खानेसुमारीत ज्यांची संख्या चाळीस लाखांच्या घरात भरली, ते गुलाम ती भरीत होते. आणि त्यांना मत नव्हते.

मात्र लिंकनच्या टीकेचा प्रत्येक भाग सारख्याच वजनाचा होता असे नाही. १६ जूनच्या भाषणात त्याने असा आरोप सुचविला की, डग्लस, माजी राष्ट्राध्यक्ष पिअर्स, सरन्यायाधीश टॉनी आणि ब्यूकॅनन यांनी आधीपासून संगनमत करून गुलामगिरी देशभर पसरविण्याचा घाट घातला आहे. निरनिराळ्या सुतारांनी तासलेली लाकडे जर एकमेकांत बिनचूक बसली, तर आराखडा एकच होता असे मानावे लागते, असा दाखला त्याने दिला. दाखला चटकदार होता. पुरावा तेवढा नव्हता. निकालापूर्वी ब्यूकॅननने काही न्यायाधीशांशी पत्रव्यवहार केला होता, हे पुढे उघड झाले. परंतु डग्लस त्या कटात होता हे सिद्ध झालेले नाही. मागाहून घडलेल्या घटनांची साखळी पाहून आरंभीच कट होता असे मानण्याचा मोह निवडणुकीतील टीकाकाराला नेहमीच होतो, आणि लिंकनही त्यातून सुटला नाही.

जुलैत डग्लसने शिकागोला मोठी सभा घेतली. दुसऱ्या दिवशी तेथेच लिंकनने तिला उत्तर दिले. सेनेटर जाईल तेथे मागोमाग जाऊन बोलावयाचे, असा क्रम काही दिवस चालला. स्वतःला श्रोते मिळत नाहीत म्हणून लिंकन दुसऱ्याच्या गर्दीवर जगतो, अशी टिंगल डग्लसच्या बाजूची वृत्तपत्रे करू लागली. तेव्हा २४ जुलै रोजी लिंकनने पत्र लिहून, दोघांनी एकाच व्यासपीठावरून बोलावे, असे आव्हान दिले. नामवंत सेनेटरला यात लाभ काहीच नव्हता, तोटा मात्र होता. पण नाही म्हणणे म्हणजे भ्याला असे ठरले असते. राज्यातील नऊ मतदारसंघांपैकी शिकागो व स्प्रिंगफील्ड या दोन ठिकाणी दोघेही बोलून झाले होते. उरलेल्या सातांत प्रत्येकी एक सभा ठरली. पहिल्याने एक तास बोलावयाचे, दुसऱ्याने दीड तास उत्तर द्यावयाचे आणि पहिल्याने अर्ध्या तासात समारोप करावयाचा, असे नियम होते.

२१ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर या आठ आठवड्यांत ऑटवा, फ्रीपोर्ट, जोन्सबरो, चार्ल्स्टन, गेल्सबर्ग, क्विन्सी आणि ऑल्टन अशा सात गावी या सभा झाल्या. गाड्या, घोडी, नावा आणि आगगाड्या यांनी लोक येत. बँड वाजत, मशालींच्या मिरवणुका निघत. डग्लस खास आगगाडीने फिरे. गाडीच्या एका उघड्या डब्यावर तोफ बसविलेली असे आणि गाव जवळ आले की ती डागीत. इलिनॉय सेंट्रल रेल्वेचा उपाध्यक्ष जॉर्ज मॅक्लेलन डग्लसचा चाहता होता; त्याने आपला खासगी डबा त्याला दिला होता. हाच मॅक्लेलन पुढे यादवी युद्धात लिंकनचा सेनापती झाला आणि १८६४ मध्ये अध्यक्षपदासाठी त्याच्याविरुद्ध उभाही राहिला. सहा फूट चार इंच उंचीचा लिंकन बहुतेक वेळा साध्या उतारूंच्या डब्यात बसून येई. तीन तास उभे राहून हजारो शेतकरी व कारागीर घटनेतील कलमे आणि न्यायालयाचे निकाल ऐकत, हे दृश्य मोठे विलक्षण होते.

झडती एकतर्फी नव्हती. डग्लसनेही प्रतिस्पर्ध्याची जुनी पाने उलटली. मेक्सिकोशी युद्ध चालू असताना काँग्रेसमध्ये लिंकनने सरकारला विरोध केला, म्हणजे आपल्याच सैन्याविरुद्ध शत्रूची बाजू घेतली, असा त्याचा आरोप होता. ऑटवाच्या पहिल्या सभेत त्याने १८५४ चे काही जहाल ठराव वाचून दाखविले आणि ते स्प्रिंगफील्डच्या सभेत लिंकनच्या मंडळींनी संमत केले, असे ठासून सांगितले. शोध घेता ते ठराव स्प्रिंगफील्डचे नव्हेत, दुसऱ्याच एका परगण्यातील सभेचे असल्याचे आढळून आले. सहा दिवसांनी फ्रीपोर्टला लिंकनने ही चूक सर्वांसमक्ष उघडी केली. दुसऱ्याच्या कारकिर्दीवर बोट ठेवावयाचे, तर कागद आधी तपासून घेतला पाहिजे, हा धडा येथे खुद्द सेनेटरला मिळाला.

फ्रीपोर्टची सभा गाजली ती मात्र दुसऱ्या कारणासाठी. २७ ऑगस्टला लिंकनने डग्लसला चार प्रश्न विचारले. त्यांतील दुसरा इतिहासात अमर झाला. राज्यघटना तयार होण्यापूर्वी एखाद्या मुलुखातील लोकांना कायदेशीर मार्गाने गुलामगिरी बंद ठेवता येईल काय? 'नाही' म्हणावे, तर लोकांच्या सार्वभौम सत्तेचे तत्त्व बुडाले आणि इलिनॉयचे मतदार दुरावले. 'होय' म्हणावे, तर ड्रेड स्कॉट निकालाला हरताळ फासला आणि दक्षिण दुरावली. डग्लस चाचरला नाही. त्याने सांगितले की, न्यायालय काहीही म्हणो, स्थानिक पोलिसी कायद्यांचा आधार नसेल तर गुलामगिरी कोठेही एक दिवससुद्धा टिकू शकत नाही. तेव्हा ज्यांना ती नको असेल त्यांनी असे कायदे करूच नयेत.

या प्रश्नाभोवती एक आख्यायिका रचली गेली आहे. मित्रांनी हा प्रश्न विचारू नको म्हणून विनविले आणि लिंकनने, आपण १८६० च्या मोठ्या शिकारीवर आहोत, असे उत्तर दिले, असे सांगतात. तिला समकालीन पुरावा नाही. डग्लसने हेच उत्तर जुलैत ब्लूमिंग्टनला दिले होते आणि तो काय म्हणेल याचा अंदाज लिंकनने ३१ जुलैच्या एका पत्रात आधीच लिहून ठेवला होता. मग माहीत असलेले उत्तर पुन्हा विचारण्यात हशील काय? हशील हे की, फ्रीपोर्टला लघुलेखक बसले होते. शिकागोच्या 'प्रेस अँड ट्रिब्यून' आणि 'टाइम्स' या परस्परविरोधी पत्रांनी भाषणे शब्दशः टिपण्याची व्यवस्था केली होती आणि देशभरची वृत्तपत्रे ती छापीत होती. एका गावात सहज उच्चारलेले वाक्य आता दक्षिणेच्या प्रत्येक राज्यात वाचले जाणार होते.

चार्ल्स्टनच्या सभेत, १८ सप्टेंबरला, लिंकनने १८५६ च्या एका विधेयकाचे प्रकरण काढले. कॅन्सासची घटना लोकांच्या मतास टाकावी, ही तरतूद डग्लसच्या समितीने त्यातून गाळली, असा सेनेटर ट्रंबुल याचा आरोप होता. आणि तोच डग्लस आता लोकमताचा कैवारी म्हणून मिरवीत होता. मुद्दा बिनतोड होता. परंतु त्याच सभेच्या आरंभी लिंकनने जे सांगितले ते त्याच्या चरित्रावरील डाग म्हणून राहिले. काळ्या व गोऱ्या लोकांची सामाजिक व राजकीय समता आपल्याला नको. काळ्यांना मताधिकार, ज्युरीत बसण्याचा अधिकार, अधिकारपदे किंवा गोऱ्यांशी विवाह यांचा आपण पुरस्कर्ता नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. दक्षिण सीमेजवळच्या श्रोत्यांपुढे डग्लस वर्णद्वेषाची आग पेटवीत होता हे खरे. पण हे त्याचे स्पष्टीकरण होईल, समर्थन होणार नाही. डग्लसने ही संधी सोडली नाही. शिकागोला सर्व माणसे समान म्हणणारा मनुष्य राज्याच्या दक्षिणेस येताच रंग बदलतो, असे तो गेल्सबर्गला म्हणाला. लिंकनचे उत्तर असे होते की, सर्व बाबतींत समता आणि स्वतःच्या हाताने कमावलेली भाकरी दुसऱ्याच्या परवानगीवाचून खाण्याचा हक्क, या दोन गोष्टी भिन्न आहेत. दुसऱ्या बाबतीत काळा मनुष्य कोणाही गोऱ्याच्या बरोबरीचा आहे. आजच्या दृष्टीने हे उत्तर अपुरे वाटते आणि ते अपुरे होतेच. पुढे ११ एप्रिल १८६५ रोजी आपल्या अखेरच्या जाहीर भाषणात त्याच लिंकनने काही काळ्या लोकांना, विशेषतः सैनिकांना, मताधिकार असावा असे म्हटले. तीन दिवसांनी त्याच्यावर गोळी झाडली गेली.

अखेरची सभा मिसिसिपीच्या काठी ऑल्टन येथे झाली. एकवीस वर्षांपूर्वी, १८३७ मध्ये, गुलामगिरीविरुद्ध लिहिणारा संपादक इलायजा लव्हजॉय याला याच गावात जमावाने ठार केले होते. तेथे लिंकनने वादाचा निष्कर्ष सांगितला. डग्लसचे आणि आपले भांडण व्यक्तींचे नाही. एकाने राबावे आणि दुसऱ्याने खावे, हे तत्त्व राजाच्या तोंडून निघो की गोऱ्या मालकाच्या, ते एकच आहे, आणि डग्लस निवृत्त झाल्यावरही हा झगडा चालू राहील, असे त्याचे म्हणणे होते. डग्लस मात्र अखेरपर्यंत आपल्या भूमिकेवर राहिला. हे सरकार गोऱ्यांनी गोऱ्यांसाठी स्थापिले. प्रत्येक राज्याने आपले घर सांभाळावे, म्हणजे संघराज्य सदैव टिकेल, असे तो प्रामाणिकपणे मानत होता.

२ नोव्हेंबर १८५८ रोजी मतदान झाले. आदल्याच दिवशी हिंदुस्थानात व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा वाचण्यात आला होता. येथे राज्यकर्ता बदलला तेव्हा प्रजेला कोणी विचारले नव्हते. इलिनॉयमध्ये रिपब्लिकन उमेदवारांना एकूण मते थोडी अधिक पडली. परंतु मतदारसंघ जुन्या लोकसंख्येप्रमाणे आखलेले होते, वाढत्या उत्तर भागाला त्यांत न्याय नव्हता, आणि राज्याच्या वरिष्ठ सभागृहातील सुमारे निम्म्या जागा त्या वर्षी निवडणुकीस नव्हत्या. ५ जानेवारी १८५९ रोजी विधिमंडळाने ५४ विरुद्ध ४६ मतांनी डग्लसला पुन्हा सेनेटवर पाठविले.

जागा राहिली, पण त्या जागेचे बळ गेले. फ्रीपोर्टचे उत्तर दक्षिणेने विसरावयाचे ठरविले नव्हते. डिसेंबर १८५८ मध्येच सेनेटमधील डेमोक्रॅटिक सभासदांनी डग्लसला प्रादेशिक समितीच्या अध्यक्षपदावरून दूर केले. एप्रिल १८६० मध्ये दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टन शहरी पक्षाचे अधिवेशन भरले, तेव्हा नव्या मुलुखांत गुलामगिरीला केंद्राचे संरक्षण हवे, ही मागणी अमान्य होताच दक्षिणेतील अनेक राज्यांचे प्रतिनिधी उठून गेले. पक्ष दुभंगला. चौरंगी निवडणुकीत लिंकन सुमारे चाळीस टक्के मतांवर राष्ट्राध्यक्ष झाला. डग्लसला मते दुसऱ्या क्रमांकाची पडली, पण निर्वाचक मते अवघी १२. सभांतील भाषणांचे पुस्तक त्याच वर्षी ओहायोतील कोलंबस येथे छापले गेले होते. त्यासाठी लिंकनने स्वतः कात्रणे जमविली होती; आपली भाषणे आपल्या बाजूच्या पत्रातून आणि डग्लसची भाषणे डग्लसच्या बाजूच्या पत्रातून घेतली होती. प्रतिपक्षाच्या तोंडी आपण शब्द घातले असे म्हणावयास त्याने जागा ठेवली नाही.

या कथेतील डग्लसचा शेवट त्याला न्याय देणारा आहे. एप्रिल १८६१ मध्ये सम्टर किल्ला पडला आणि यादवी युद्ध सुरू झाले, तेव्हा तो लिंकनला जाऊन भेटला, संघराज्य राखण्याच्या कामी त्याने उघड पाठिंबा जाहीर केला आणि इलिनॉयमध्ये परत येऊन लोकांना तसाच उपदेश केला. ३ जून १८६१ रोजी शिकागो येथे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो वारला. युद्धाने सहा लाखांहून अधिक माणसे घेतली. डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. त्या मुक्तीचा पडसाद महाराष्ट्रातही उमटला. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक, काळ्या गुलामांना दास्यातून सोडविणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. ऑल्टनला बोलला गेलेला प्रश्न पुण्यातील एका शूद्र म्हणविल्या गेलेल्या पुरुषाला आपलाच वाटला, यात आश्चर्य नाही.

लोकप्रतिनिधीच्या कारकिर्दीचे मोजमाप कसे करावे, हा प्रश्न प्रत्येक लोकशाहीपुढे प्रत्येक निवडणुकीत उभा राहतो. किती रेल्वे आणल्या, किती विधेयके मंजूर केली, किती मते कोठे टाकली, हे सर्व मोजलेच पाहिजे. डग्लस या मापाने मोठा होता. लिंकनने त्यापलीकडचा प्रश्न विचारला : ज्यांना मत नाही, ज्यांचा आवाज सभेपर्यंत पोहोचत नाही, त्यांच्यावरील अन्यायाविषयी या प्रतिनिधीला काही वाटते की नाही? हा प्रश्न विचारताना तो कागदाला धरून राहिला तेव्हा त्याचे बोलणे टिकले; अंदाजावर गेला तेव्हा लटके पडले; आणि श्रोत्यांच्या पूर्वग्रहापुढे वाकला तेव्हा तेच माप त्याच्याही कारकिर्दीला लावले गेले, ते आजतागायत लावले जात आहे. जो दुसऱ्याची झडती घेतो त्याने आपलीही झडती पत्करलीच पाहिजे. इलिनॉयच्या त्या सात गावांत हजारो साध्या माणसांनी हे दोन्ही हिशेब उन्हात उभे राहून लक्षपूर्वक ऐकले. वक्त्यांच्या कीर्तीत त्या श्रोत्यांचाही वाटा आहे.